कापूस कुठं ठेवायचा

पुणे
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय अक्का,

तीन दिवस तुला फोन लावतेय. चौथ्या दिवशी कळलं की तू माझा नंबरच बंद करून टाकलायस. मग दाजींना लावला. ते म्हणाले, "ती म्हणती, पोस्टानं बोल. पत्र येईस्तोवर तिचा राग निवल." थट्टेनं म्हणाले असतील, पण मी खरंच कागद घेऊन बसलेय. शाळेत पेपरात लिहायचो तेवढंच पत्र मला माहीत, तेव्हा चुकलंमाकलं समजून घे.

जिंतूरच्या लग्नात मी बोलले ते बोलायला नको होतं. भागवतदादानं पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं की पिंगळीचं नवं घर भक्ती काढून देणार. गीताकाकू म्हणाल्या, आपल्या राजेश्रीलाबी लय नाद हाय त्याचा. आणि मी हसून म्हटलं, "अक्का पडदे शिवंल की." सगळे हसले. तू अर्ध्या ताटावरून उठलीस. अक्का, दिवसभर हेच वाक्य आम्हाला लोक ऐकवतात गं. इंटेरियरवाली म्हणजे पडदेवाली, उशा मांडणारी. दुसऱ्याकडून ऐकून ऐकून माझ्याच तोंडात बसलं आणि नेमकं तुझ्यावर निघालं.

तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी विसरलेले नाही. घराचा नकाशा सोबत जोडलाय. दादाला फोन करून काय काय सामान ठेवायचं त्याची यादी घेतली होती, त्याप्रमाणे सगळं बसवलंय. नानांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते वॉकरवर आहेत, म्हणून त्यांना मागची शांत खोली दिलीय. मार्चमध्ये पाया खणणार आहेत. तुला काही खटकलं तर मोकळेपणानं कळव.

तुझी,
भक्ती


मानवत
२५ फेब्रुवारी २०२४

भक्ती,

आशीर्वाद लिहायला हात उचलवत न्हाई, म्हणून नुसतं भक्ती.

पत्र मिळालं. पोस्टमन तात्याराव दारात उभा राहून विचारायला लागला, "वयनी, कोर्टाचं हाय का?" आजकाल घरच्या माणसाचं पत्र येतं यावर त्याचा विश्वासच बसला न्हाई.

तू माफी मागितलीस, ठीक हाय. पण मला राग कशाचा आला ते तुला कळलंच न्हाई. पडद्याचा न्हाई आला. पडदे मी शिवते, सोफ्याची कव्हरं शिवते, ब्लाऊज शिवते, त्याची मला लाज न्हाई. माझ्या मशीनवर तुझ्या बालाजीदाजींच्या दुकानाइतकंच घर चालतंय. राग ह्याचा आला की घर माझ्या बापाचं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा न्हाई. भागवतला सख्खी बहीण मानवतला हाय, तासाभराच्या वाटेवर. त्यानं फोन केला पुण्याच्या चुलत बहिणीला.

आता लिहायलाच बसले तर सगळं लिहिते. दोन हजार सातला औरंगाबादच्या कॉलेजात माझा नंबर लागला होता, ह्याच कोर्सला. नाना म्हणाले होते, "खोलीत सामान मांडायला तीन वर्सं शिकायचं? तुजी माय रोज मांडती, तिला कुनी शिकिवलं?" त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लावलं. आणि तीन वर्षांनी दिनकरकाकांनी तुला पुण्याला धाडलं तेव्हा हेच नाना तुला सोडायला परभणीच्या स्टँडवर आले होते, दोन डझन केळी घेऊन. म्हणे, पोरगी नाव काढील. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. केळी मीच बांधून दिली होती.

म्हणून मला तू आवडत न्हाईस असं न्हाई. पण तुझं चांगलं चाललेलं ऐकलं की मला अन्न गोड लागत न्हाई. हे तोंडावर कधी बोलले नसते. कागदावर लिहिता येतंय.

नकाशा बगितला. छान हाय. काही चुकलं असलं तर तुला दिसंलच, तू शिकलेली हाईस.

राजेश्री


पुणे
१८ जून २०२४

प्रिय अक्का,

तुझं पत्र वाचून मी चार महिने गप्प राहिले. काय लिहावं सुचेना. केळ्यांचं मला आठवतं. पिशवीला तुझ्या जुन्या ओढणीची गाठ होती.

पिंगळीला दोनदा येऊन गेले. तू माहेरी येत नाहीस, मी आले की तर नाहीच, असं काकी म्हणाल्या. भिंती स्लॅबला लागल्यात. नागनाथ मिस्त्री कामाला चोख आहे, पण माझं ऐकत नाही. दादाला म्हणतो, "म्याडम चितर काढत्यात, घर आमी बांधतो." मी खिडकी सरकवायला सांगितली तर म्हणाला, वास्तूवाल्याला विचारून सांगतो. वास्तूवाल्यानं होकार दिला, मग खिडकी सरकली. दादा मित्रांना सांगतो की आमची भक्ती छताचं पीओपी लय भारी करती. मी छताबद्दल अजून एक शब्द बोललेले नाही.

तुला वाटतं माझं फार चांगलं चाललंय. तुला खरं सांगू का, ह्या कामाचं पुढे काय होणार ते आम्हालाच कळेना झालंय. माझ्या ऑफिसात दुबई आणि लंडनच्या घरांची चित्रं काढायचं काम यायचं. तिकडचा माणूस सांगायचा, इकडे वीस पोरं बसून काढायची. आता गिऱ्हाईक मोबाईलवरच यंत्राला सांगून दहा चित्रं काढून आणतं आणि विचारतं, मग तुमची फी कशाची? विसातली अकरा पोरं गेली. मी आहे अजून.

पण एक काम राहणार असं सगळे म्हणतात. जगभर माणसं म्हातारी होतायत आणि ऊन वाढतंय. म्हाताऱ्या माणसाला घरात पडू न देणं, आणि वीज नसताना घर राहण्याजोगं ठेवणं, हे चित्र काढून होत नाही. सिंगापूरला एक ऑफिस आहे, ते फक्त असलीच घरं करतात. त्यांना दाखवायला माझ्याकडे एक तरी खरं बांधलेलं घर पाहिजे. पिंगळीचं घर मला त्यासाठी हवंय, अक्का. हे मी दादालाही सांगितलेलं नाही.

तू एकदा बघून ये ना.

तुझी,
भक्ती


मानवत
१४ नोव्हेंबर २०२४

भक्ती,

वास्तुशांतीला मी आले होते ते तू बगितलंसच. माझ्या बापाचं घर हाय, मी येणारच. तू समोरून आलीस तेव्हा मी देवघरात शिरले, तेही बगितलं असशील.

दिवसभर एकच ऐकत होते. भक्तीनं काय घर काढलं, भक्तीनं काय खिडकी ठेवली. हॉलमध्ये एक पाहुणी उभी राहून म्हणत होती, इतका मोठा हॉल मानवतलाबी कुनाचा न्हाई. माय तुझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायली. नाना नव्या सोफ्यावर बसून ज्याला त्याला सांगायले, "आमच्या पोरीनं काढलं." आमच्या पोरीनं. मी तिथंच पुऱ्या वाढायले होते.

मी काय केलं सांगू का? मी भिंती बगत फिरले, कुठं तडा दिसतो का म्हणून. प्लास्टर टकटक करून बगितलं. न्हाणीतल्या फरशीवर पाणी ओतून बगितलं, कुठं साचतंय का. साचलं न्हाई. मला त्याचा गुस्सा आला. इतकी मी खालची झाले.

संडास नानांच्या खोलीला जोडून न्हाई, हॉल ओलांडून पलीकडच्या बोळीत हाय, ते त्यांनीच सांगितलं असणार. झोपायच्या जागेला संडास चिकटलेला त्यांना खपत न्हाई, मला माहीत हाय. तू त्यांचं ऐकलंस, हॉल मोकळा ठेवलास, बोळीला कठडा लावलास. वॉकर घेऊन नाना ऐटीत चालून दाखवायले. पाहुणे टाळ्या वाजवायले.

तुझं घर चांगलं झालं. हे लिहायला मला चौदा दिवस लागले.

कापूस वेचायला आलाय. भागवत म्हणायलाय, यंदा लगेच व्यापाऱ्याला घालायचा.

राजेश्री


पुणे
२० जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

"तुझं घर चांगलं झालं" एवढी ओळ मी कितीदा वाचली असेल. तुझ्याकडून आलेली म्हणून.

एक बातमी वाईट, एक चांगली. वाईट आधी. आमचं ऑफिस बंद झालं. डिसेंबरपासून मी घरी आहे. आईबाबांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. चांगली अशी की सिंगापूरच्या त्या ऑफिसनं माझा अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे घेतलाय. त्यांना पिंगळीचं घर आवडलं. पण नवंकोरं घर त्यांना नको. माणसं राहायला लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी घर कसं दिसतं त्याचे फोटो मागितलेत. नाना हॉलमधून चालताना, काकी स्वयंपाक करताना.

दादाला फोटो पाठव म्हटलं तर तो टाळतोय. आज पाठवतो, उद्या पाठवतो. काकी फोनवर म्हणाल्या, "सध्या पसारा हाय बाई." पसारा चालेल म्हटलं तरी नाही. तू एक दिवस पिंगळीला जाऊन फोटो काढून आणशील का? तुझा डोळा चांगला आहे. मला तुझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही.

तुझी,
भक्ती


मानवत
९ फेब्रुवारी २०२५

भक्ती,

नाना पडले. घाबरू नकोस, जिवावरचं टळलं. डावं मनगट मोडलंय आणि डोक्याला सहा टाके पडलेत. खुबा शाबूत हाय. परभणीच्या दवाखान्यात आठ दिवस होते, काल घरी आणलं. मी इथूनच जाऊन येऊन होते, म्हणून लिहायला वेळ झाला.

आता नीट वाच. तुझ्या हॉलमध्ये कापूस हाय. दाराच्या उंबऱ्यापासून खिडकीच्या वरपर्यंत, छताच्या त्या पीओपीला टेकलेला. सोफा अंगणात ताडपत्रीखाली हाय. भाव पडला, भागवत म्हणाला होळीपर्यंत थांबू. दरसाल म्हणतात यंदा लगेच घालायचा, आणि दरसाल होळीपर्यंत घरात ठेवतात. तू सामानाची यादी मागितलीस तेव्हा त्यानं टीव्ही सांगितला, फ्रीज सांगितला, मायची दोन कपाटं सांगितली. कापूस सांगितला न्हाई. खोटं न्हाई बोलला तो. कापूस म्हणजे सामान असं आमच्यात कुणी मोजतच न्हाई. तो येतो आणि जातो. चार महिने घरात राहतो एवढंच. जुन्या घरात त्याला आतली खोली होती. तुझ्या घरात त्या जागी पाहुण्यांची खोली हाय, आणि तिचं दार इतकं लहान की गाठोडं आत शिरत न्हाई.

ढिगाच्या कडेनं दीड हाताची वाट ठेवली होती. तिच्यातून वॉकर जात न्हाई. नाना तीन आठवडे वॉकर खोलीत ठेवून, ढिगाला धरून संडासला जायले होते. कुणाला सांगितलं न्हाई. मायला पहाटे उठवायला नको म्हणून. कापसाला धरून माणूस उभा राहत असतो का? हात आत गेला, आणि नाना फरशीवर.

आता दुसरं. हे दिसायला मला त्यांच्या पडण्याची गरज नव्हती. तुझा नकाशा आला त्याच दिवशी मी तो शिवायच्या मशीनवर पसरला आणि पहिलं हेच मनात आलं, कापूस कुठं ठेवायचा? पेन हातात होता. मी तुला लिहिलं, "छान हाय." मला वाटलं, कापूस आला की सगळे म्हणतील, भक्तीला काय कळतंय. हसतील तुला. पंगतीत मला हसले तसं. एवढंच पाहिजे होतं मला. नाना त्या वाटेनं चालतील हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आलं न्हाई का मी येऊ दिलं न्हाई, ते आता मला कळेना झालंय.

फोटो काढलेत. सोबत हाईत. तुझ्या सिंगापूरला काय धाडायचं ते तू बग.

राजेश्री


पुणे
२२ फेब्रुवारी २०२५

राजेश्रीअक्का,

मी पिंगळीला येऊन गेले. तू दवाखान्यात टाके काढायला नानांना घेऊन गेली होतीस, तेवढ्या वेळात आले आणि तू यायच्या आत निघाले. तुझं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती.

तू एक ओळ लिहिली असतीस तर मी एक भिंत सरकवली असती. पायासुद्धा खणला नव्हता गं. एक ओळ.

परतीच्या गाडीत पूर्ण वाट तुला शिव्या देत होते. पुण्याला उतरल्यावर मात्र एक आठवलं आणि माझं तोंड बंद झालं. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आपण त्याच कापसात उड्या मारायचो. केसातून सरकी निघायची, काकी ओरडायच्या. अंगाला खाज सुटायची म्हणून तू मला खोबऱ्याचं तेल लावायचीस. मला माहीत होतं, अक्का. मी बारा वर्षं घरं काढते, आणि पिंगळीच्या घरात कापूस असतो हे मला नकाशा काढताना आठवलं नाही. मला सिंगापूरला दाखवायला मोकळा हॉल पाहिजे होता, म्हणून नाही आठवलं.

तुला माझा हेवा वाटतो म्हणतेस. मग माझंही ऐक. नकाशा बघताक्षणी तुला कापूस दिसला. शिक्षण माझं झालं आणि दिसलं तुला, हे मला सहन होत नाही. नाना पडले त्याहून जास्त मला हे लागलं. आता तूच सांग, दोघींत खालची कोण.

घर दुरुस्त करायला मी येऊ शकत नाही. हिंमत नाही. तुला जे दिसतं ते कर.

भक्ती


मानवत
६ मे २०२५

भक्ती,

खालची कोण ते ठरवायला मला वेळ न्हाई. कामात होते. होळीला कापूस गेला, हॉल मोकळा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी मशीन बंद करून पिंगळीला गेले. भागवतला म्हटलं, तुझं घर मी थोडं फोडणार हाय. तो म्हणाला, "अक्का, तुला काय येतंय त्यातलं?" मी म्हटलं, तुझ्या बापाच्या सदऱ्याचं माप मला येतंय.

खरंच तसंच केलं. टेप गळ्यात घातला आणि नानांचं माप घेतलं. उभे राहिले की हात कुठवर टेकतो. बसून उठताना कुठला हात आधी धरतात. वॉकरसकट वळायला किती जागा लागते. खाटेपासून संडासपर्यंत पावलं मोजली, शेहेचाळीस निघाली. नाना म्हणाले, "काय गं, मला पॅन्ट शिवायलीस का?" मी माप लिहून घेतलं.

त्यांच्या खोलीची मागची भिंत फोडून मागच्या ओसरीत दार काढलं. संडासाला पण तिकडून दार पाडलं. आता तो खोलीला चिकटलेला न्हाई, मधे ओसरी हाय, आणि पावलं झाली चौदा. भिंतीला त्यांच्या हाताच्या उंचीवर सागाची दांडी लावली, लोखंडाची न्हाई, उन्हाळ्यात लोखंड धरवत न्हाई. पाहुण्यांच्या खोलीला अंगणातून मोठं दार दिलं. ट्रॅक्टर पाठीनं लावला की कापूस थेट आत, घरातून न्यायचं काम न्हाई. खाली फळ्यांची चौकट घातली म्हणजे ओल धरणार न्हाई, वर दोन झरोके पाडले म्हणजे धूळ बाहेर जाईल. पाहुणे आले तर उन्हाळ्यात येतात, तेव्हा खोली रिकामीच असती. नागनाथ मिस्त्री पहिल्या दिवशी हसला. तिसऱ्या दिवशी मला विचारून छिन्नी लावायला लागला. वास्तूवाल्याला कुणी बोलावलंच न्हाई.

कागद सोबत धाडायले. एकीकडं तुझा नकाशा हाय, त्याच्यावर लाल पेन्सिलीनं माझं. ठेव तुझ्याकडं. मला कुणी घर काढायला सांगितलं न्हाई आजवर, हे पहिलंच.

राजेश्री


पुणे
२९ जुलै २०२५

प्रिय अक्का,

हे पत्र मी चार वेळा फाडलं.

मला सिंगापूरची नोकरी मिळाली. दिवाळीनंतर जायचंय. आधी दोन महिने इथूनच काम करायचं.

शेवटच्या मुलाखतीला मी तुझे फोटो दाखवले, कापसाचे. लपवून काही होणार नव्हतं. तिथली मोठी बाई चष्मा काढून बघत राहिली. मग मी तुझा लाल पेन्सिलीचा कागद दाखवला. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचं असं माप घेऊन घर बदललेलं आम्ही कमी बघितलंय. दांडी लाकडाची का, ते विचारलं. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, हा दुसरा विचार कुणाचा?

मी म्हटलं, माझा.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. बाबांनी पेढे वाटले. आई तुला फोन करणार होती, मी थांबवलं. अक्का, त्या क्षणी तुझं नाव तोंडात आलं होतं, खरंच आलं होतं. मग वाटलं, तुझं नाव घेतलं तर माझ्याकडे उरतं काय? पडलेला म्हातारा माणूस आणि कापूस.

तू मला शिव्या देशील. दे. गप्प मात्र राहू नकोस. तू गप्प राहिलीस की काय होतं ते मी बघितलंय.

तुझी,
भक्ती


मानवत
१७ ऑगस्ट २०२५

भक्ती,

पत्र वाचलं आणि दोन दिवस स्वयंपाकात मीठ पडलं का न्हाई ते मला कळलं न्हाई. बालाजी मुकाट्यानं जेवले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, भक्तीचं काही बरंवाईट झालं का? मी म्हटलं, लय बरं झालं तिचं.

मी जळायले, भक्ती. आधी जळायचे ते तुझ्याकडं हाय म्हणून. आता माझं हाय ते तुझ्याकडं गेलं म्हणून. तो एक कागद होता माझा. सगळ्या आयुष्यात एक. त्या बाईच्या ऑफिसचा पत्ता मोबाईलवरून काढायला मला पाच मिनिटं लागणार न्हाईत, आणि भागवतच्या पोरीला इंग्रजी लिहिता येतंय. मी लिहिणार न्हाई. तुझं तू लिही. लिहिणार न्हाईस तर तेही तुझं तू बग.

पण तुला हे करायला सांगायच्या आधी माझं मला करावं लागलं. तुला मी फेब्रुवारीतच सगळं लिहिलं होतं, नानांना मात्र सांगितलं नव्हतं. सहा महिने त्यांच्या तोंडाकडं बगून मी भिंती फोडल्या, आणि ते समजायले होते की पोरगी माया करती. तुझं पत्र आल्यावर मला माझीच शिसारी आली. तू परक्या बाईसमोर खोटं बोललीस. मी तर बापासमोर गप्प बसलेली.

म्हणून परवा पिंगळीला गेले. नाना ओसरीत बसले होते. खाली बसले आणि सांगितलं. नकाशा आला त्याच दिवशी मला दिसलं होतं नाना, कापसाला जागा न्हाई ते. भक्तीची फजिती व्हावी म्हणून मी बोलले न्हाई.

त्यांनी विचारलं, "कागद बगूनच दिसलं व्हतं?"

मी म्हटलं, हौ.

"घर उभं ऱ्हायच्या आदी?"

हौ.

त्यांनी तोंड फिरवलं. माय रडायला लागली, मला म्हणाली तू आत्ताच्या आत्ता मानवतला जा. मी गेले न्हाई. रात्रीचं जेवण त्यांनी माझ्या हातून घेतलं न्हाई, सकाळचा चहा घेतला न्हाई. दांडीला धरून माझ्यासमोरून जायचे, यायचे, बोलायचे न्हाई. आज निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी थांबवलं. तो मोडून बसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला, तो अजून नीट उघडत न्हाई.

म्हणाले, "भक्ती शिकल्याली. भागवतचं घर. नागनाथनं वीस वर्सं घरं बांधली. कापूस कुनालाच दिसला न्हाई. तुला एकलीला कागदावर दिसला. म्हंजी तुला येत व्हतं, राजेश्री. तवा मीच न्हाई धाडलं तुला."

अठरा वर्षं मला त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, भक्ती. ते ऐकायला मला त्यांना पाडावं लागलं.

राजेश्री